सर्व्हरची किल्ली एकाच्याच खिशात नको

२०२१च्या मे महिन्यात आमच्या ओळखीच्या एका गटाचा कार्यकर्ता कोरोनाने गेला. गटाची सगळी कागदपत्रे तोच सांभाळायचा. अत्याचाराच्या प्रकरणांतल्या फिर्यादींच्या प्रती, जखमांचे फोटो, साक्षीदारांशी झालेल्या बोलण्याची टिपणे, विहाराच्या जागेचे उतारे, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब, सारे त्याच्या लॅपटॉपवर होते. माणूस शिस्तीचा. लॅपटॉप चोरीला गेला तरी कोणाच्या हाती काही लागू नये म्हणून त्याने पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली होती. पासवर्ड कुठे लिहिलेला नव्हता, कोणाला सांगितलेला नव्हता. तेव्हा आम्ही सगळेच याला खबरदारी म्हणायचो. पुढे घरच्यांनी लॅपटॉप आणून दिला. मुलांची नावे, जन्मतारखा, गाडीचा नंबर, सगळे टाकून पाहिले. तो लॅपटॉप आजही एका सहकाऱ्याच्या कपाटात तसाच पडून आहे. तो उघडणार नाही, कारण त्याने काम चोख केले होते.

आता आपल्यातले काही गट एक पाऊल पुढे गेले आहेत. जुना डेस्कटॉप घ्यायचा, त्यावर लिनक्स आणि नेक्स्टक्लाउड टाकायचे आणि गटाची कागदपत्रे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची. सर्व्हर कसा उभा करायचा यावर माहिती भरपूर मिळते. त्याच्या किल्ल्या कुठे ठेवायच्या यावर मात्र कोणी फारसे बोलत नाही. ‘सेव्ह युअर रिकव्हरी की’ असे पडद्यावर येते, आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. हा लेख त्या एका पायरीबद्दल आहे.

एवढी काळजी कशासाठी

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगायला नको. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. खटला नगरच्या न्यायालयात चालला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एका दिवसात फिरत नाही. तो कोण, कुठे राहतो, कोणाच्या रानात कामाला जातो, मुलगी कोणत्या कॉलेजात आहे हे समोरच्याला कळले की दबाव टाकायला वाट मिळते.

कायद्याला हे माहीत आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. पीडित, त्यांचे आश्रित आणि साक्षीदार यांना धाकदपटशापासून संरक्षण देण्याची जबाबदारी त्यात राज्यावर टाकली आहे. निकालात किंवा लोकांना पाहता येणाऱ्या नोंदींत साक्षीदारांची नावे-पत्ते येऊ नयेत असा आदेश विशेष न्यायालय देऊ शकते. न्यायालय जे नाव झाकते ते आपल्याच कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून गावभर गेले, तर त्या आदेशाला काय अर्थ उरला? लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत तर पीडितेची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या २२८-अ कलमात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे.

म्हणजे कुलूप हवेच. पण आमचा अनुभव असा की आपल्या गटांची माहिती बाहेरच्या हल्ल्याने जाते त्याहून जास्त वेळा ती आपल्याच विसरण्याने, बदलीने, भांडणाने आणि मरणाने जाते. किल्ली ठेवताना या दोन्ही बाजूंचा विचार एकाच वेळी करावा लागतो.

कुलूप आतून कसे असते

लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायची नेहमीची पद्धत म्हणजे लक्स. यात एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकीचे आपोआप समजेल. तुम्ही जो पासफ्रेज टाकता त्याने डिस्कवरची माहिती थेट उघडत नाही. माहिती बंद होते ती संगणकाने स्वतः तयार केलेल्या एका मोठ्या किल्लीने. ही मुख्य किल्ली डिस्कच्या सुरुवातीला हेडर नावाच्या छोट्या भागात ठेवलेली असते, आणि तीसुद्धा बंद करून. तुमचा पासफ्रेज फक्त ती मुख्य किल्ली बाहेर काढतो. घराच्या कुलपाची चावी देव्हाऱ्याच्या कपाटात आणि कपाटाची चावी आजीच्या कनवटीला, तसे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली सोयीची आहे. आजीच्या कनवटीची चावी एकच असावी असे बंधन नाही. लक्सच्या जुन्या आवृत्तीत आठ आणि नव्या आवृत्तीत बत्तीसपर्यंत वेगवेगळे पासफ्रेज ठेवता येतात. प्रत्येकाची जागा वेगळी, म्हणजे स्लॉट वेगळा. एक स्लॉट पुसला तरी बाकीचे चालू राहतात. म्हणून सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरायचे काही कारण नाही. दुसरी गोष्ट धोक्याची. हेडर खराब झाले, कोणी चुकून डिस्क फॉरमॅट करायला घेतली, वीज जाता-येता तेवढाच भाग बिघडला, तर पासफ्रेज तोंडपाठ असूनही डिस्क उघडत नाही. मुख्य किल्लीच नाहीशी झालेली असते.

त्यावर उपाय हेडरची प्रत काढून ठेवणे हा आहे. क्रिप्टसेटअपमध्ये ‘लक्स-हेडर-बॅकअप’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. नव्या आवृत्तीत ही फाइल साधारण १६ मेगाबाइटची असते, कुठल्याही पेनड्राइव्हवर मावते. पण ती त्याच सर्व्हरवर ठेवू नका. हसू नका, आम्ही हे केलेले आहे.

हेडरच्या प्रतीबद्दल आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. समजा जानेवारीत प्रत काढली, मार्चमध्ये कोणीतरी गट सोडला म्हणून त्याचा पासफ्रेज काढून टाकला. जानेवारीच्या प्रतीत त्याचा पासफ्रेज अजून जिवंत आहे. ती जुनी प्रत आणि डिस्क दोन्ही त्याच्या हाती पडली तर तो आत जाऊ शकतो. म्हणून पासफ्रेज बदलला की हेडरची नवी प्रत काढायची आणि जुन्या प्रती शोधून नष्ट करायच्या.

विंडोजवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते. ती बहुतेक वेळा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून लॅपटॉप चालू केला त्या खात्यात जाऊन बसते. दुकानदाराने स्वतःच्या खात्यावरून लॅपटॉप सुरू करून दिला असेल तर किल्ली कोणाकडे आहे हे आजच पाहून घ्या.

पासफ्रेज कसा असावा

आधी काय नसावा ते. ‘जयभीम’ आणि पुढे १४०४, १८९१, १९५६ किंवा २२ यांपैकी काहीही नको. आपल्या माणसांचे पासवर्ड ओळखायला कोणा हॅकरची गरज नाही, चौकातल्या फलकावरच्या तारखा वाचल्या तरी पुरतात. विहाराचे नाव, गटाचे नाव, मुलीचे नाव हेही नको.

चांगला पासफ्रेज माणसाने निवडायचा नसतो, फाशाने निवडायचा असतो. ७,७७६ शब्दांची यादी घेतात. प्रत्येक शब्दासमोर पाच आकडे असतात. फासा पाचदा टाकला की एक शब्द मिळतो. असे सहा शब्द घेतले की पुरे. विळी टपाल ओढा कंदील सुतार भोपळा, असे काहीतरी तयार होते. (हे सहा आता इथे छापले गेले, तेव्हा ते सोडून.) अर्थ लागत नाही म्हणूनच तो चांगला. शब्द आवडला नाही म्हणून फासा पुन्हा टाकायचा नाही.

मराठी शब्द घ्या, पण रोमन अक्षरांत लिहा. सर्व्हर सुरू होताना पासफ्रेज विचारला जातो तेव्हा देवनागरी कळफलक चालू झालेला नसतो. आणि रोमनमध्ये लिहिताना एक अडचण येतेच: ‘विळी’ तुम्ही एका पद्धतीने लिहाल, मी दुसऱ्या. म्हणून नेमकी अक्षरे कागदावर हवीत, नुसता शब्द आठवून भागत नाही.

कागदावर लिहा, आणि हाताने लिहा

‘पासवर्ड कधीही लिहून ठेवू नका’ हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकला आहे. एटीएमच्या पिनसाठी तो ठीक आहे; पिन विसरला तर बँक नवा देते. इथे कोणतीही बँक नाही. वर्षातून चारदा लागणारा सहा शब्दांचा पासफ्रेज कोणाच्याही डोक्यात राहत नाही. तो लिहिलाच पाहिजे. प्रश्न फक्त कुठे आणि कसा लिहायचा एवढाच आहे.

मोबाइलने फोटो काढू नका. तो फोटो काही मिनिटांत गुगल फोटोजमध्ये जातो आणि तिथून घरातल्या टीव्हीवरही दिसतो. व्हॉट्सअॅपच्या ‘फक्त अॅडमिन’ गटात टाकू नका. कलेक्टर कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढू नका. फाइल त्या संगणकावर राहते आणि दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नसतो. एटीएमच्या चिठ्ठीसारख्या थर्मल कागदावर तर नकोच, ती अक्षरे वर्ष-दोन वर्षांत उडून जातात. पेनड्राइव्ह हेडरच्या प्रतीसाठी वापरावा लागतो, पण वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिलेला पेनड्राइव्ह एके दिवशी रिकामा निघू शकतो. म्हणून एकाऐवजी दोन ठेवा आणि वर्षातून एकदा लावून पाहा.

साधा जाड कागद, साधा बॉलपेन. शून्याच्या पोटात तिरकी रेघ, मोठ्या अक्षराखाली रेघ, रिकाम्या जागेसाठी छोटा चौकोन. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने, ज्याने पासफ्रेज पाहिलेला नाही अशाने, तो कागद समोर ठेवून कुलूप उघडून दाखवायचे. लिहिणाऱ्याने स्वतः तपासले तर तो आठवणीतून टाइप करतो आणि कागदावरची चूक तशीच राहते.

मग कागद पाकिटात घालायचा, पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर दोघांनी आडवी सही आणि तारीख टाकायची, वर पारदर्शक टेप लावायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात ठेवायचे. हे फार घरगुती वाटेल. पण वाळवी आणि झुरळे यांना एन्क्रिप्शन कळत नाही. दानपेटीत किंवा तसबिरीच्या मागे पाकीट लपवू नका. रंगकामाच्या वेळी सगळ्यात आधी तसबिरीच खाली येतात.

एकाकडे नको, मग किती जणांकडे?

रोजच्या कामासाठी दोन माणसे, प्रत्येकाचा पासफ्रेज वेगळा, स्लॉट वेगळा. हे सोपे आहे. पण दोघेही एकाच गाडीतून नगर-मनमाड रस्त्याने जात असतील तर? आणीबाणीसाठी तिसरी किल्ली लागते आणि ती कोणा एकाच्या हाती पूर्ण असू नये.

बरेच जण पासफ्रेज मधोमध तोडतात, अर्धा अध्यक्षांकडे, अर्धा सचिवांकडे. हे करू नका. एक अर्धा हरवला की सगळे गेले, आणि ज्याच्याकडे अर्धा आहे त्याचे उरलेले काम अर्ध्याहून फार जास्त सोपे झालेले असते.

याचे उत्तर आदी शमीर या गणितज्ञाने १९७९ मध्ये दिले. शाळेतली भूमिती आठवा. कागदावर एकच बिंदू दिला तर त्यातून कितीही सरळ रेषा जातात. त्यावरून रेषा कोणती ते सांगता येत नाही. दोन बिंदू दिले की रेषा एकच. समजा गुपित म्हणजे ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा. मी त्या रेषेवरचे पाच बिंदू पाच जणांना दिले, तर कोणतेही दोघे एकत्र येऊन गुपित काढू शकतात आणि एकट्याला काहीच कळत नाही, अर्धेसुद्धा नाही. तीन जण लागावेत असे वाटले तर सरळ रेषेऐवजी वक्र घ्यायचा. लिनक्समध्ये ‘एसएसएसएस’ नावाचा छोटा प्रोग्रॅम हे काम करतो. पाच तुकडे करा, त्यातले कोणतेही तीन पुरतील असे सांगा, तो पाच ओळी काढून देतो. एक-एक ओळ एकेका पाकिटात. तुकडे जोडताना कोणता प्रोग्रॅम वापरायचा ते प्रत्येक पाकिटात लिहून ठेवा. दहा वर्षांनी पाकीट उघडणाऱ्याला नुसत्या आकड्या-अक्षरांच्या ओळीवरून काही उमगणार नाही. आणि तुकडे करण्याचे काम इंटरनेट तोडलेल्या संगणकावर करा, ऑनलाइन साइटवर नको.

पाच माणसे कोणती निवडायची? आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा, तालुके चौदा. याचा फायदा घ्या. एक तुकडा अकोल्यात, एक श्रीरामपुरात, एक शहरात, एक जामखेडला, एक जिल्ह्याबाहेर पुण्यात किंवा औरंगाबादेत शिकणाऱ्याकडे. एका घरात दोन तुकडे नकोत, एका भावकीत तीन नकोत. पाचही जण एकाच राजकीय गटाचे नकोत. आपल्यात फूट पडायला वेळ लागत नाही हे मनात धरूनच व्यवस्था करावी. त्यात किमान दोन महिला हव्यात. बहुतेक वस्त्यांत घरातले कागद नीट ठेवणारी बाईच असते आणि समितीच्या यादीत नेमकी तीच नसते.

वकिलांकडे एक तुकडा ठेवायला हरकत नाही. बँकेच्या लॉकरचाही विचार करा. लॉकर बँकेची किल्ली आणि आपली किल्ली अशा दोन किल्ल्यांनी उघडतो, म्हणजे तिथेही तत्त्व तेच आहे. फक्त तो एकाच्या नावावर नको, संयुक्त असावा आणि नामनिर्देशन भरलेले असावे. सगळी पाकिटे एकाच बँकेत ठेवू नका. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा जिल्ह्यातल्या किती घरांची धावपळ झाली ते आपण पाहिले आहे.

हे सगळे अति वाटत असेल तर इंटरनेटचेच उदाहरण घ्या. संकेतस्थळांच्या नावांची जगभरची व्यवस्था ज्या मूळ किल्लीवर टेकली आहे ती अमेरिकेत दोन वेगळ्या ठिकाणी तिजोऱ्यांत आहे, आणि सगळे बिघडलेच तर ती परत उभी करायला सात जणांकडे तुकडे दिलेले आहेत, त्यातले पाच लागतात. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये एका तिजोरीचे कुलूपच बिघडले आणि ठरलेला कार्यक्रम चार दिवस पुढे गेला. चार दिवस उशीर झाला, पण काम झाले. दुसरी वाट ठेवलेली असली की असे निभावते.

आपल्या इतिहासात कुलुपाची दुसरी बाजूही आहे. ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन असलेल्या पेट्या आधी दिल्ली उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेल्या, नंतर महाराष्ट्राच्या प्रशासक महाभिकर्त्यांकडे आल्या. कागद सुरक्षित होते, पण वाचायला कोणालाच मिळत नव्हते. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी ते प्रसिद्ध व्हावेत म्हणून न्यायालयात दाद मागितली, वारसांची संमती घ्यावी लागली, वसंत मून यांनी खटपट केली, तेव्हा सुमारे पाव शतकाने त्या पेट्या संपादनासाठी हाती आल्या. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापून आले ते १९८७ मध्ये. तिथे अडचण लोखंडाच्या कुलपाची नव्हती. उघडण्याचा हक्क कोणाचा हे ठरलेले नव्हते. म्हणून तुकडे वाटण्याआधी अर्ध्या पानाचा ठराव लिहा: किल्ली कोणाच्या सांगण्यावरून जोडायची, किती जणांच्या सह्या लागतील, गट फुटला तर सर्व्हर कोणाचा. गट नोंदणीकृत असेल तर हा ठराव इतिवृत्तात घ्या.

वीज गेली की

हे शहरातल्या तंत्रज्ञांच्या लेखांत सापडत नाही, पण आपल्याकडचा खरा प्रश्न हाच आहे. एन्क्रिप्ट केलेला सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला की पासफ्रेज विचारत थांबतो. ज्या गावात दिवसातून तीनदा वीज जाते तिथे दिवसातून तीनदा कोणीतरी जाऊन तो टाकायला हवा. दोन आठवडे लोक नेमाने जातात. तिसऱ्या आठवड्यात पासफ्रेज लिहिलेली चिठ्ठी मॉनिटरला चिकटलेली असते. आम्ही ती स्वतः पाहिली आहे आणि लावणाऱ्याला रागावलो नाही. चूक सर्व्हर तिथे ठेवण्याची होती.

पहिला उपाय इन्व्हर्टर किंवा यूपीएस. दुसरा, सर्व्हर सुरू होतानाच दुरून, एसएसएचने पासफ्रेज टाकता येईल अशी सोय. ड्रॉपबेअर हा छोटा प्रोग्रॅम त्यासाठी वापरतात. तिसरा उपाय सर्वात साधा: हा सर्व्हर चोवीस तास चालू असायलाच हवा का? साक्षीदारांची कागदपत्रे रोज लागत नाहीत. ती वेगळ्या एन्क्रिप्टेड डिस्कवर ठेवा आणि काम असेल तेव्हाच जोडा. रोजची पत्रके, फोटो, बैठकांच्या तारखा बाकीच्या भागात राहू द्या. बंद डिस्कच खऱ्या अर्थाने बंद असते. मशीन चालू असताना मुख्य किल्ली त्याच्या मेमरीत असते आणि आत शिरलेल्याला सगळे उघडेच असते.

एल्गार परिषद प्रकरणात याच मुद्द्यावर जगभर चर्चा झाली. रोना विल्सन यांच्या जप्त लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षाच्या वतीने केली. त्यात नेटवायर हा घुसखोर प्रोग्रॅम २२ महिने होता आणि त्याच्या मार्फत फाइली टाकल्या गेल्या असा निष्कर्ष तिच्या फेब्रुवारी २०२१च्या अहवालात आहे. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. न्यायालयात काय व्हायचे ते होईल. आपल्यापुरते एवढे घ्यावे की ओळखीच्या नावाने आलेली मेल उघडण्याआधी फोन करून विचारावे, कारण डिस्कचे कुलूप कितीही मोठे असले तरी आपणच आत घेतलेल्याला ते अडवत नाही.

बाकीच्या छोट्या किल्ल्या

डिस्कच्या किल्लीकडे सगळ्यांचे लक्ष असते आणि गट अडकतो तो ओटीपीच्या सिममध्ये. डोमेनचे खाते, होस्टिंगचे खाते, गटाची मेल, सगळे एका मोबाइल नंबरावर. तो नंबर एका कार्यकर्त्याच्या मेहुण्याच्या नावावर. रिचार्ज बंद झाला, कंपनीने नंबर काढून घेतला, पुढे तो दुसऱ्याच कोणाला दिला, आणि आता आपले ओटीपी त्याच्याकडे जातात. सिम गटाच्या पदाधिकाऱ्याच्या नावावर घ्या आणि रिचार्जची तारीख इतिवृत्ताच्या वहीवर लिहा. गुगल खाते दोन टप्प्यांची तपासणी चालू केल्यावर दहा बॅकअप कोड देते; ते हाताने लिहून त्याच पाकिटात घाला.

बॅकअपचा पासवर्ड वेगळा असतो हेही विसरले जाते. रेस्टिक किंवा बोर्गने घेतलेला बॅकअप स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट होतो. सर्व्हर जळाला, बॅकअपची डिस्क हाती आहे, आणि तिचा पासवर्ड जळालेल्या सर्व्हरवर होता, अशी गत होऊ शकते. बोर्गमध्ये किल्ली कागदावर छापण्याजोग्या रूपात काढण्याची सोय आहे, ती वापरा. व्हॉट्सअॅपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपला ६४ अंकी किल्ली घेतली असेल तर ती हरवल्यावर कंपनीही मदत करू शकत नाही. आणि एसएसएचची खाजगी किल्ली एकच करून सगळ्यांना वाटू नका. प्रत्येकाची वेगळी असली म्हणजे एकाची काढता येते.

किल्ली चालते का, हे कुलपाला विचारा

पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराची गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. एप्रिल २०१८ मध्ये पाहणीला गेलेले पथक आतल्या दालनाच्या किल्ल्या सापडेनात म्हणून जाळीतूनच पाहून परत आले. पुढे जिल्हा कचेरीत एक पाकीट सापडले, वर लिहिलेले होते की आत नकली किल्ल्या आहेत. १४ जुलै २०२४ रोजी भांडार उघडायला गेले तेव्हा त्या किल्ल्या कुलपांना लागल्याच नाहीत. शेवटी कुलपे तोडली. पाकीट होते, त्यावर नाव होते, पण इतक्या वर्षांत किल्ली कुलपात घालून पाहिलेली नव्हती. तिथे निदान तोडता आले. लक्सचे कुलूप तोडायला कटर मिळत नाही.

म्हणून वर्षातून एकदा तालीम करा. १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबरला कोणाला सवड नसते. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, विहारात माणसे जमतात, तो आठवडा बरा. तीन तुकडेवाल्यांनी एकत्र यावे, दुसऱ्या संगणकावर हेडरची प्रत आणि बॅकअपची डिस्क जोडावी, जोडलेल्या किल्लीने ती उघडून एक फाइल वाचून दाखवावी. मग नवी पाकिटे, नवी तारीख. ज्याने सर्व्हर बसवला त्याने त्या दिवशी हात मागे बांधून बसायचे. त्याच्याशिवाय उघडले तरच तालीम झाली असे समजा. पहिल्या वेळी उघडणार नाही. आमचेही उघडले नव्हते. प्रश्न एका मोठ्या अक्षराचा निघाला.

कोणी गट सोडला की त्याच आठवड्यात त्याचा स्लॉट पुसा, हेडरची प्रत बदला आणि त्याला तसे सांगा. हा अविश्वास नाही. उद्या काही बाहेर गेलेच तर संशय त्याच्यावर येऊ नये, यात त्याचेही हित आहे. त्याच्याकडे आणीबाणीचा तुकडा असेल तर तो परत घेऊन भागत नाही, नक्कल झालेली असू शकते. जुना आणीबाणीचा पासफ्रेज काढून नवा बनवा आणि पाचही तुकडे नव्याने वाटा.

कायद्याचे एक-दोन शब्द

एन्क्रिप्शन वापरणे गुन्हा नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ खाली अधिकृत यंत्रणा विहित पद्धतीने आदेश देऊन माहिती उलगडून देण्यास सांगू शकते आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, या घटनेच्या अनुच्छेद २०(३) मधल्या हक्काचा पासवर्डशी संबंध कुठपर्यंत लागतो यावर न्यायालयांत वाद आहेत. तुकडा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगा, त्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक द्या, आणि नोटीस आली तर एकट्याने उत्तर न देता वकिलांना गाठायचे हे ठरवून ठेवा. जप्तीची वेळ आली तर काही लपवू किंवा पुसू नका. पंचनाम्याची प्रत मागा, डिस्कची हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये सांगितलेले आहे, त्याचीही आठवण करून द्या.

शेवटचे राहिले ते पाकिटावर काय लिहायचे. ‘सर्व्हरचा पासवर्ड’ असे लिहू नका, आणि कोरेही ठेवू नका. कोऱ्या पाकिटाची वारसांच्या हातून रद्दी होते. आम्ही लिहितो ते असे: गटाचे नाव, तारीख, ‘हे पाकीट घरच्यांनी उघडू नये आणि टाकूही नये’, आणि खाली दोन फोन नंबर. ते दोन नंबर चालू आहेत ना, हे दर आषाढीला लावून पाहतो.